जुन्या केबल लाइनवरून एचडीएमआय

प्रश्न : तळमजल्यावरच्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र दुसऱ्या मजल्यावरच्या टीव्हीवर हवं आहे. भिंतीत केबलवाल्याची जुनी आरजी-6 (टीव्ही केबलची कोअ‍ॅक्स) वायर आहे, साधारण 60 मीटर. एचडीएमआयच्या कोअ‍ॅक्स एक्स्टेंडरची, म्हणजे त्या वायरीतून चित्र लांब नेणाऱ्या दोन डब्यांची, जोडी आणली. पॉवरचे दिवे दोन्हीकडे लागतात, लिंकचा दिवा काही लागत नाही. माल खराब निघाला का?

उत्तर : इतक्यात परत करू नका. दोन्ही डबे एका टेबलावर घ्या आणि मधे एक-दीड मीटरचा नवा कोअ‍ॅक्स तुकडा लावा. चित्र आलं तर डबे ठीक आहेत, दोष वायरीत आहे. नाही आलं, तर ट्रान्समीटर (सेट-टॉप बॉक्सकडचा डबा) आणि रिसीव्हर (टीव्हीकडचा डबा) उलटसुलट लागले नाहीत ना ते पाहा. हे फार वेळा होतं.

जुन्या केबल लाइनमध्ये पहिला संशय स्प्लिटरवर, म्हणजे एका लाइनच्या अनेक लाइनी करणाऱ्या डबीवर. तो बहुधा जिन्यातल्या पेटीत किंवा छताजवळ लपलेला असतो. स्प्लिटर, टॅप, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं काढा आणि अखंड वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राहू द्या. जोड टाळता येत नसेल तर एफ जॉइंटर (वायरींच्या टोकांवरच्या पिना, म्हणजे एफ कनेक्टर, एकमेकांना जोडणारा तुकडा) वापरा. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड चालत नाही, कारण तिथे वायरीचा 75 ओहमचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध; तो मल्टिमीटरवर दिसत नाही) टिकत नाही आणि सिग्नल परत फिरतो.

मग मल्टिमीटर. दोन्ही टोकं मोकळी ठेवून गाभा (मधली तार) आणि जाळी (तिच्याभोवतीचं तारांचं आवरण) यांच्यात ओहम मोजा. काहीही रीडिंग आलं तर पिनमध्ये जाळीची एखादी तार गाभ्याला टेकली आहे किंवा वायरीत पाणी शिरलं आहे. जाळी काळी-हिरवट दिसली तर तेवढा भाग कापूनच टाका. आता पलीकडच्या टोकाला गाभा आणि जाळी एकमेकांना जोडून (शॉर्ट करून) पुन्हा मोजा. 60 मीटरला 2 ते 4 ओहम आले तर गाभा बहुधा शुद्ध तांब्याचा. दुपटीहून जास्त आले तर तांब्याचा मुलामा दिलेलं स्टील असावं. लोहचुंबक चिकटला की खात्री. असा गाभा चित्राला चालतो, पण पॉवरही त्याच वायरीतून नेणारा एक्स्टेंडर असेल तर व्होल्टेज पडतं. अशा वेळी रिसीव्हरला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या, अर्थात त्याची सोय डब्यावर असेल तर.

पिना नव्याने ठोका : गाभा सुमारे 6 मिमी उघडा, जाळी मागे दुमडलेली, पांढरा फोम पिनच्या आतल्या कडेला सपाट. गाभा पिनच्या काठाबाहेर 2-3 मिमी डोकावला पाहिजे. आरजी-59 ची (बारीक कोअ‍ॅक्सची) पिन आरजी-6 वर बळजबरीने बसवू नका.

प्रश्न : लॅपटॉपचं चित्र येतं, सेट-टॉप बॉक्सचं मात्र काळंच.

उत्तर : वायर निर्दोष आहे. हा कॉपी-संरक्षणाचा, म्हणजे एचडीसीपीचा मामला. एक्स्टेंडर ते पाळतो का, हे डब्यावर किंवा माहितीपत्रकात बघा. पाळत नसेल तर सेटिंगने काम होणार नाही. पाळत असेल तर बॉक्सचं रिझोल्यूशन 1080पी वर आणा, सगळं बंद करा, मग टीव्ही, रिसीव्हर, ट्रान्समीटर आणि शेवटी बॉक्स या क्रमाने सुरू करा. ईडीआयडीचे (टीव्ही कोणतं रिझोल्यूशन घेतो ते बॉक्सला सांगणाऱ्या माहितीचे) छोटे स्विच एक्स्टेंडरवर असतील तर तेही 1080पी वर ठेवा.

प्रश्न : सीसीटीव्हीची 3+1 वायर (एक कोअ‍ॅक्स आणि तीन साध्या तारा) आधीच टाकलेली आहे. तीच वापरू?

उत्तर : थोड्या अंतरासाठी करून बघा. पण एक्स्टेंडरच्या खोक्यावर लिहिलेलं मीटरमधलं अंतर चांगल्या आरजी-59 किंवा आरजी-6 साठी असतं. स्वस्त 3+1 चा गाभा बारीक आणि जाळी विरळ, म्हणून त्या अंतराचा भरवसा धरू नका.