पशुवैद्यकाचा सल्ला : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधीची पहिली भेट

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्या घरी सोनी नावाची सात वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आहे. दिवाळीनंतर ती मागचा उजवा पाय अधूनमधून उचलू लागली. तेल चोळले, आठ दिवस बरे वाटले, पुन्हा तेच सुरू झाले. गेल्या महिन्यात ओट्यावरून उतरताना ती एकदम केकाटली आणि तेव्हापासून त्या पायाची नुसती बोटे टेकवते. येथील डॉक्टरांनी गुडघ्यातील लिगामेंट तुटले असावे असे सांगून पुण्यातील हाडांची शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यकांची वेळ घेऊन दिली आहे. भेटीला अजून अठरा दिवस आहेत. शेजारी म्हणतात, कुत्र्याचे कोणी ऑपरेशन करते का, हाडवैद्याकडून पाय बांधून घ्या. इतक्या लांब आमचे वारंवार जाणे होणार नाही. जाताना काय तयारी करावी आणि तेथे काय विचारावे?
एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : अठरा दिवस हाताशी आहेत, हे चांगलेच झाले. शल्यचिकित्सकाला सोनी अर्धा-पाऊण तास दिसणार आहे, तीही परक्या जागी, अनोळखी वासांनी आणि इतर कुत्र्यांच्या भुंकण्याने बावरलेली. घरी तीन पायांवर चालणारे कुत्रे दवाखान्याच्या दारात चारही पाय टेकते आणि मालक ओशाळून ‘घरी लंगडते हो साहेब’ म्हणत राहतात, हा प्रसंग माझ्या दवाखान्यात नेहमीचा आहे. गुडघा तपासण्याचे काम डॉक्टरांचे. सोनी घरी कशी उठते, काय खाते, कोठे झोपते आणि शस्त्रक्रियेनंतर तुम्ही तिला कसे सांभाळणार, हे मात्र तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि कोणती शस्त्रक्रिया करायची याचा निर्णय त्यावरही बराच अवलंबून असतो.

आधी दुखणे समजून घेऊ. कुत्र्याचा गुडघा म्हणून बरेच लोक मागच्या पायाचा जो सांधा दाखवतात, तो खरे तर घोटा असतो. गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. तेथे मांडीचे हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारे क्रूशिएट लिगामेंट असते. माणसाचे हे लिगामेंट बहुधा खेळताना एका झटक्यात तुटते, तर कुत्र्यांत ते बहुतेक वेळा महिनोन् महिने झिजत जाते. मोटेचा नाडा ज्या दिवशी तुटतो त्या दिवशी खराब झालेला नसतो. त्याचा एकेक पीळ आधीच उलगडत आलेला असतो. सोनीचे दिवाळीनंतरचे लंगडणे हे ते पीळ उलगडणे होते आणि ओट्यावरचे केकाटणे बहुधा शेवटचा पीळ सुटल्याचे. म्हणून ‘ओट्यावरून उडी मारली आणि पाय गेला’ एवढेच सांगू नका, दिवाळीपासूनचा क्रम तारखांसह लिहून न्या.

हाडवैद्याविषयी स्पष्टच सांगतो. येथे हाड निखळलेले नाही, त्यामुळे बसवण्यासारखे काही नाही. सुजलेल्या गुडघ्यावर जोर लावून केलेल्या मालिशीने वेदना वाढते आणि घट्ट बांधलेल्या पट्टीखाली कातडी सडलेली मी पाहिली आहे. लहान चणीची, साधारण १५ किलोंच्या आतील कुत्री विश्रांती आणि औषधांवर पुष्कळदा सावरतात, हे खरे आहे. लॅब्रॅडॉरसारख्या वजनदार कुत्र्यांत तसा भरवसा धरता येत नाही.

आता तयारी. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तुमच्या मोबाइलमधील चित्रफीत. सकाळी सोनी झोपेतून उठते तेव्हाची पहिली पाच-सहा पावले टिपा, कारण आखडलेपणा तेव्हाच खरा दिसतो. नंतर सपाट रस्त्यावर घरच्या कोणाला तरी तिला सैल दोरीने हळू चालवायला सांगा, आणि मोबाइल आडवा धरून, खाली बसून, तिच्या गुडघ्याच्या उंचीवरून एकदा बाजूने, एकदा समोरून, एकदा मागून चित्रण करा. उभ्याने वरून काढलेल्या चित्रणात फक्त पाठ दिसते. ती बसते कशी तेही टिपा. गुडघा दुखणारे कुत्रे दोन्ही पाय पोटाखाली मुडपून नीट बसत नाही, दुखरा पाय बाजूला पसरून ठेवते. चालताना गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तो मुद्दाम सांगा, कारण गुडघ्यातील कूर्चेची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली असल्याची ती खूण असू शकते. या चित्रणासाठी तिला पळवू मात्र नका, आणि तोवर जिना, उड्या व मोकळे फिरणे बंद ठेवा.

कागदपत्रांत एक गोष्ट हमखास चुकते. एक्स-रे झाला असेल तर लोक ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून तिचा फोटो काढतात आणि पुढे पाठवतात. त्यावरून मापे घेता येत नाहीत. जेथे एक्स-रे काढला तेथून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, गुडघ्यातील सूज आणि संधिवाताची सुरुवात दिसते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ असे कोणी म्हटले तरी लिगामेंट शाबूत असल्याची ती खात्री नव्हे. खरे निदान हाताने होते. मांडीचे हाड धरून नडगी पुढे सरकते का, हे डॉक्टर पाहतात, आणि धिप्पाड, ताठलेल्या कुत्र्यात त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते. औषधांची नावे आठवून सांगण्यापेक्षा रिकाम्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या आणि शेवटची मात्रा कोणत्या दिवशी दिली ते लिहा. स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले असेल तर ते आवर्जून सांगा, कारण स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र आल्या की जठरात व्रण पडू शकतात.

आपल्या भागासाठी एक चौकशी मी सक्तीची मानतो. मराठवाड्यात गोचीड बारमाही आहेत, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात. अशा कुत्र्यावर शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. शिवाय या तापातही सांधे सुजतात आणि कुत्रे लंगडते, म्हणजे दोन दुखणी एकमेकांआड लपू शकतात. त्यामुळे रक्ततपासणी, प्लेटलेट, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि गोचीडतापाची चाचणी जाण्याच्या आठवडाभर आधी परभणीत करून घ्या. काही निघालेच तर उपचाराला वेळ मिळेल आणि पुण्याची फेरी वाया जाणार नाही. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शल्यचिकित्सा विभाग आहे. तेथेही एकदा पाय दाखवून त्यांचे मत सोबत नेल्यास हरकत नाही. दुसरे मत विचारल्याने कोणताही शहाणा डॉक्टर रागावत नाही.

वजनाचा विषय तुम्ही पत्रात टाळला आहे, म्हणून मीच काढतो. घरातील काट्यावर लॅब्रॅडॉर मावत नाही. मोंढ्यात एखाद्या आडतीवर धान्याचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, तेथे सकाळी गर्दी होण्यापूर्वी तिला उभी करा. लॅब्रॅडॉर मादीचे वजन साधारण २५ ते ३२ किलोंच्या दरम्यान असावे. काटा नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवा. आपला हात सपाट ठेवून त्याच्या पाठीवर बोटे फिरवताना हाडे जशी लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. नंतर तीन दिवस स्वयंपाकघरात एक कागद टांगा आणि जो कोणी सोनीला काही देईल त्याने तेथे नोंद करावी : आजोबांच्या ताटातील भाकरीचा कोर, चहाबरोबरची बिस्किटे, दुधावरची साय. तो कागद जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवा. मला आलेल्या अशा एका कागदावर एका दिवसात बावीस बिस्किटे भरली होती आणि कुटुंबातील प्रत्येकाने आपण दोनच देतो असे शपथेवर सांगितले होते. अठरा दिवसांत फार वजन उतरणार नाही, तरी आजपासून सुरुवात करा. शस्त्रक्रिया कोणतीही असो, वाढलेले वजन त्या गुडघ्यावरच येणार आहे.

आता विचारायचे प्रश्न. कुत्र्याच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो, पुष्कळ कुत्र्यांत सुमारे २५ अंशांचा. चाकाखालचा दगड काढल्यावर उतारावरची बैलगाडी जशी घसरते, तसे लिगामेंट तुटल्यावर दर पावलाला मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरते. बार्कले स्लोकम या अमेरिकी पशुशल्यचिकित्सकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टीपीएलओ पद्धतीत नडगीचा वरचा भाग गोलाकार कापून फिरवतात, उतार सुमारे ५ अंशांवर आणतात आणि पट्टी-स्क्रूने हाड पक्के करतात. दुसऱ्या पद्धतीत हाड न कापता सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा धागा घालून गुडघा बांधतात. ती स्वस्त पडते आणि लहान कुत्र्यांत चांगली चालते. सोनीसाठी कोणती आणि का, हे पहिले विचारा. मेनिस्कस त्याच वेळी तपासणार का, हे दुसरे. डावा गुडघाही तपासून घ्या, कारण एका बाजूचे लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांचे दुसऱ्या बाजूचेही पुढेमागे जाते, आणि ही शक्यता खर्चाचा विचार करताना आजच धरलेली बरी. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि त्यात एक्स-रे, भूल, पट्टी-स्क्रू, मुक्काम व नंतरच्या तपासण्या धरल्या आहेत का, जंतुसंसर्ग झाल्यास पुढचा खर्च कोणाचा, हे संकोच न करता विचारा. तुमच्यासाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे : दहा-चौदा दिवसांनी टाके काढणे आणि आठ आठवड्यांनी हाड जुळल्याचा एक्स-रे काढणे ही कामे परभणीत करून फाइल पुण्याला पाठवली तर चालेल का? चालत असेल तर तुमच्या दोन फेऱ्या वाचतील.

डॉक्टरही तुम्हाला विचारतील, आणि तेथे खरे सांगावे. हाड कापून बसवल्यावर निदान आठ आठवडे सोनीला छोट्या जागेत बंदिस्त ठेवावे लागते. बाहेर काढायचे ते फक्त शी-शूसाठी, आखूड दोरीने, पोटाखालून पंच्याचा आधार देऊन. घरात गुळगुळीत फरशी किती, पायऱ्या किती, दिवसभर घरी कोण असते, हे सर्व सांगा. फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरणे, दाराला फळी लावून कोपरा अडवणे ही कामे पुण्याला जाण्यापूर्वीच करून पाहा. दोन दिवस तिला त्या कोपऱ्यात ठेवून पाहिल्यावर आपल्याला हे झेपते की नाही, हे तुम्हालाच कळेल.

प्रवासाबाबत थोडक्यात. मोठ्या कुत्र्याला रेल्वेच्या साध्या डब्यात नेता येत नाही; वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो किंवा गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते, आणि दुखऱ्या पायाच्या कुत्र्याला त्या पेटीत मी ठेवणार नाही. गाडी करून पहाटे निघा, मागच्या आसनापुढची पाय ठेवण्याची पोकळी गादीने भरून सपाट करा. तपासणीच्या वेळी गुंगी देणार असतील तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे का, हे फोनवर विचारून घ्या. पाणी सहसा चालते.

प्रश्न : आमचा चार किलोंचा पॉमेरेनियन चालता चालता मागचा पाय दोन-तीन पावले उचलतो आणि पाय झटकून पुन्हा नीट चालतो. त्याचीही शस्त्रक्रिया करावी लागेल का?
एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही गुडघ्याची वाटी सरकण्याची तक्रार वाटते, लहान जातींत ती फार आढळते. तिच्या चार श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत वाटी हाताने सरकवली तरच सरकते आणि बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. चौथीत ती जागेवर बसतच नाही. एखाद्या दिवशी किती वेळा पाय उचलतो याची आठवडाभर नोंद ठेवा आणि श्रेणी ठरवून घ्या. नेहमी उड्या मारणारा पॉम सोफ्यावर चढेनासा झाला, तर मात्र थांबू नका.

प्रश्न : लंगडणाऱ्या कुत्र्याला पुण्याची वेळ मिळेपर्यंत घरातील डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिले तर चालेल का? आम्ही कालच अर्धी गोळी दिली आहे.
एक वाचक, हिंगोली

उत्तर : दुसरी देऊ नका. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठी, कारण ते औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. कुत्र्याच्या बाबतीत धोका जठराला आणि मूत्रपिंडाला आहे. आयब्युप्रोफेनचेही तेच. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आहेत, पण तीही वजनावरून आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच द्यावीत, आणि आता कालच्या गोळीनंतर ती कधी सुरू करायची हेही त्यांनाच विचारावे. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता दिली हे लिहून आजच त्यांना कळवा. उलटी होत असेल, खाणे सुटले असेल किंवा शी डांबरासारखी काळी होत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या.