पिन, ग्रुप, फंक्शन आणि जीपीआयओ यांत नेमका फरक काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लिनक्ससाठी पिन-कंट्रोल ड्रायव्हर (चिपच्या पिना कोणत्या कामाला जोडायच्या हे सांभाळणारा प्रोग्राम) लिहिताना पिन, ग्रुप, फंक्शन आणि जीपीआयओ (सर्वसाधारण कामासाठीची इनपुट-आउटपुट ओळ) हे शब्द एकमेकांत मिसळतात, ते वेगळे कसे ओळखावेत. आणि चिपच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) ‘जीपीआयओ मोड’ असे लिहिले असेल, तर ड्रायव्हरमध्येही ते काम जीपीआयओकडेच द्यावे का. दुसऱ्याचे उत्तर ‘नेहमी नाही’ असे आहे, पण त्याआधी शब्द लावून घेऊ.

पिन म्हणजे चिपचा बाहेर येणारा एक संपर्कबिंदू, मग तो पाय असो, पॅड असो किंवा चिपच्या पोटाखालचा गोळा असो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याला एक पूर्णांक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक त्या एका कंट्रोलरपुरताच (पिना सांभाळणाऱ्या हार्डवेअरच्या भागापुरताच) खरा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक-बोर्ड आणणारे विद्यार्थी येथेच पहिल्यांदा अडखळतात: जीपीआयओ १४ ही ओळ (म्हणजे सिग्नलची वाट) चाळीस पिनांच्या हेडरवर, म्हणजे बोर्डवरच्या पिनांच्या रांगांत, आठव्या जागी आहे, आणि हेडरच्या चौदाव्या जागी ग्राउंड आहे. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासूनच सुरू होत, तेव्हा नुसते ‘एक नंबरवर भेट’ म्हणून भागत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक दिले, तेव्हा तो घोळ मिटला. कर्नलने मात्र उलटा मार्ग घेतला. प्रत्येक कंट्रोलरचे क्रमांक स्वतंत्र ठेवले, त्यांत मध्ये रिकाम्या जागा असल्या तरी चालतात, आणि जीपीआयओच्या ओळी कोणत्या पिनांवर बसतात हे क्रमांकांच्या वेगळ्या पट्ट्यांनी (रेंजेसनी) सांगायचे ठरवले. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण एका बोर्डवर तीन-चार कंट्रोलर सहज असतात.

ग्रुप म्हणजे एका कामासाठी एकत्र लागणाऱ्या पिना, आणि फंक्शन म्हणजे ते काम. कर्नलच्या दस्तऐवजात बुद्धिबळाच्या पटासारखी आठ बाय आठ पिनांची एक काल्पनिक चिप आहे. तिच्यात एसपीआय (चिपांमधल्या संवादाची एक पद्धत) हे फंक्शन ०, ८, १६, २४ या ग्रुपवर चालते, ३८, ४६, ५४, ६२ या दुसऱ्या ग्रुपवरही चालते, आणि आयटूसी या दुसऱ्या संवादपद्धतीला २४ व २५ लागतात. म्हणजे आयटूसी सुरू असेल तर एसपीआयला दुसऱ्या ग्रुपवर जावे लागेल. फंक्शन आणि ग्रुप वेगळे का ठेवले आहेत, हे या एका उदाहरणात कळते. पुल-अप (पिन मोकळी असताना तिला ‘हाय’कडे ओढणे), ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (पिन किती विद्युतप्रवाह देऊ शकते) वगैरे विद्युत गुणधर्म मात्र या निवडीपासून निराळे आहेत. त्यांना पिन कॉन्फिगरेशन म्हणतात.

आता जीपीआयओ. डेटाशीट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ‘जीपीआयओ मोड’ म्हणजे पॅड कोणत्याही पेरिफेरलला (चिपमधल्या खास कामाच्या भागाला) न जोडता थेट रजिस्टरच्या (चिपमधल्या नियंत्रण-नोंदीच्या) बिटाने हलवणे. कर्नलच्या दृष्टीने जीपीआयओ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने हातात घेऊन वाचायची किंवा लिहायची ओळ. शब्द एकच असला, तरी पहिला चिपच्या आतल्या जोडणीबद्दल आहे आणि दुसरा सॉफ्टवेअरमधल्या वापराबद्दल.

हा फरक मला अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत नीट समजला. बोर्ड झोपवून सेन्सरचा वीजपुरवठा तोडला, तरी सेन्सरच्या मॉड्यूलवरचा लाल एलईडी मंद पेटलेला राही. यूआर्टची (सिरियल संवाद करणाऱ्या पेरिफेरलची) टीएक्स, म्हणजे पाठवणारी, ओळ निष्क्रिय असताना ‘हाय’ असते. तिच्यातून सेन्सरच्या संरक्षक डायोडमार्गे वीज त्याच्या पुरवठ्यात शिरत होती. डेटाशीट सांगत होती, ‘झोपेत ही पिन जीपीआयओ मोडमध्ये लो ठेवा’, म्हणून आम्ही सिरियल ड्रायव्हरमध्ये तीच ओळ जीपीआयओ म्हणून मागितली. कंट्रोलरचा ड्रायव्हर ‘स्ट्रिक्ट’ होता, म्हणजे एकच पिन पेरिफेरल आणि जीपीआयओ अशा दोघांना एकदम न देणारा, आणि पिन आधीच यूआर्टच्या नावावर होती, त्यामुळे मागणी फेटाळली गेली. दोन दिवस आम्ही त्या नकारालाच दोष समजत होतो. खरे तर कोणालाच ती ओळ वाचायची-लिहायची नव्हती. ती फक्त झोपेत शांत उभी करायची होती. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) ‘डिफॉल्ट’च्या जोडीला ‘स्लीप’ अशी दुसरी अवस्था लिहिली, तिच्यात पिनेला आउटपुट-लो केले, सिरियल ड्रायव्हरमधली मागणी काढून टाकली, आणि एलईडी विझला.

तुमच्या ड्रायव्हरच्या रचनेबद्दल माझे मत असे, की ग्रुप हार्डवेअरमध्ये असतील तेवढेच करावेत. रजिस्टरचे एक फील्ड चार पिना एकदम फिरवत असेल तर त्या चार पिनांचा एक ग्रुप. प्रत्येक पिनेचे फील्ड वेगळे असेल तर एक पिन हाच एक ग्रुप. फंक्शनला मात्र कामाचे नाव द्यावे. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांच्या ड्रायव्हरमध्ये ‘ऑल्ट शून्य’, ‘ऑल्ट पाच’ अशी नावे (पर्यायी कामांचे क्रमांक) आहेत. ती चालतात, पण चौदाव्या ओळीवर ऑल्ट शून्य म्हणजे पूर्ण क्षमतेचा यूआर्ट आणि ऑल्ट पाच म्हणजे मिनी यूआर्ट, हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला दर वेळी डेटाशीट उघडावी लागते.

‘स्ट्रिक्ट’ ठेवायचे की नाही, हे हार्डवेअर पाहूनच ठरवा. पेरिफेरल पिन वापरत असतानाही तुमच्या चिपचा जीपीआयओ ब्लॉक त्याच पॅडची पातळी वाचू शकत असेल, आणि तुम्हाला ते हवे असेल, तर ‘स्ट्रिक्ट’ ठेवू नका. दोघांनी एकदम पिन धरणे चूकच ठरणार असेल, तर ठेवा. आणि शंका आली की डीबग-एफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइल-व्यवस्थेतल्या पिन-कंट्रोलच्या फोल्डरात पिनमक्सची (पिनांच्या वाटपाची) यादी उघडून, प्रत्येक पिन त्या क्षणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा.