रात्री डॉक्टर नसतील तर? पहिलटकरणीची भीती आणि सिस्टरचं काम

‘डॉक्टर दोन मिनिटं बघतात, बाकी सगळं सिस्टरच करते. मग बाळंतपणाच्या रात्रीही सिस्टरच असणार का?’ पहिलटकरणींकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. कधी तो सासू विचारते. कधी नवरा ‘कर्ज काढून खासगीत नेऊ का?’ असं विचारतो, तेव्हाही मुळाशी हीच भीती असते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सुनेचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला सातवा महिना होता, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर आली होती, घरात कामांची धांदल आणि हिची झोप उडालेली. नणंदेचं बाळंतपण रात्री झालं होतं. डॉक्टर शेवटी आले, तोवर सिस्टरच होती, हे नणंदेने इतक्यांदा सांगितलं होतं की सिस्टर म्हणजे डॉक्टर नसताना वेळ निभावून नेणारी बाई, असं हिच्या मनाने घेतलं. तपासणीला गेली की ती वजन आणि बीपी करून घ्यायची, पण बोलायची नाही. जे सांगायचं ते डॉक्टरांसाठी राखून ठेवायची, आणि त्यांच्यासमोर मागची रांग बघून तेही राहून जायचं.

बोलता बोलता तिने एक गोष्ट जवळजवळ तक्रार म्हणून सांगितली. सुरुवातीला तिचं हिमोग्लोबिन 11.2 होतं, ते 9.1 वर आलं. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. कार्डावर तर लोहाच्या गोळ्या चालू असल्याची नोंद होती. सिस्टरने तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘संडासचा रंग कसा असतो?’ ही म्हणाली, ‘नेहमीसारखाच.’ लोहाची गोळी पोटात जात असेल तर शौचाचा रंग काळपट होतो. सिस्टरला कळायचं ते कळलं. ती रागावली नाही. ‘गोळीने काय त्रास होतो?’ एवढंच तिने विचारलं.

त्रास दोन होते. पोट साफ होत नव्हतं. आणि पहिल्या आठवड्यात तो काळा रंग बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘नको त्या गोळ्या, बाळ काळं होईल.’ हे डॉक्टरांना सांगायची तिला लाज वाटली होती. सिस्टरने तिला समजावलं की बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीशी त्याचा संबंध नाही. जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर गोळी घे, चहा तिच्या आसपास नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे. पाणी भरपूर पी, तांबडी भाजी (लाल माठ) आणि आळसांदे (चवळी) जेवणात असू देत. मात्र एवढं कमी झालेलं रक्त नुसत्या भाजीने भरून येत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने हिमोग्लोबिन 10.3 झालं.

मी तिला म्हटलं, ‘हे रक्त तसंच कमी राहिलं असतं, तर बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तुला झेपला नसता. हे कोणी पकडलं?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘पण त्या रात्रीचं काय?’

त्या रात्रीबद्दल शब्दांनी धीर देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. प्रसूतिकक्ष आधी दाखवता आला तर मी दाखवायला लावते. इन्चार्ज सिस्टरने एका दुपारी तिला आत नेलं. बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र दाखवलं. कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाने ठोके मोजतात, ते मिनिटाला 110 ते 160 च्या आत राहायला हवेत. कळा किती येतात, पिशवीचं तोंड किती उघडलं, आईची नाडी आणि बीपी किती, हे सगळं एका तक्त्यावर भरत जातात. ठोके बिघडले, बीपी 140/90 च्या वर गेलं, बाळाभोवतीचं पाणी हिरवट आलं, रक्त जास्त गेलं किंवा बाळंतपण पुढे सरकेना झालं की डॉक्टरांना लगेच बोलावतात, आणि गरज पडली तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवायची तयारी करतात. बाळ बाहेर आलं की मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, म्हणजे गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो.

नर्सिंगच्या शिक्षणात प्रसूतीचं काम हा मुख्य विषय असतो, मग तो 3 वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा असो की 4 वर्षांची बीएस्सी. सरळ चाललेलं बाळंतपण प्रशिक्षित सिस्टरने करणं ही कुणाची गैरसोय नाही, ते तिचं कामच आहे. मूल अडलं, शस्त्रक्रियेची वेळ आली, की डॉक्टर हवेतच. ती वेळ ओळखायला कुणीतरी सलग बघत असावं लागतं आणि ते सिस्टर करते. नणंदेच्या रात्री नेमकं हेच झालं असणार: सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून डॉक्टर शेवटी आले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. काही ठिकाणी कळा देणाऱ्या बाईवर ओरडतात, तिला टोचून बोलतात. मी अशा बायकांबरोबर बसले आहे, आणि त्यांचं दुःख वर्षानुवर्षं जात नाही. कामाचा ताण कितीही असला तरी हे चूकच आहे. असं घडलं तर सोबतच्या माणसाने तिथल्या तिथे इन्चार्ज सिस्टरशी बोलावं, नंतर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्यावं. 2016 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने दिली आहे. तपासणीच्या वेळीच त्याबद्दल विचारून ठेवावं.

हिच्यासोबत कोण जाणार यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी सासूबाईच गेल्या. त्या आधी मला म्हणाल्या होत्या, ‘बाय, आमच्या वेळी सुईण घरी यायची, ती ओळखीची असायची. इथं कोण कुणाचं?’ त्यांचं खरंच होतं. अनोळखी हातांची भीती वाटतेच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तपासणीला जाल तेव्हा सिस्टरशी बोला. डोकं सतत दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा किंवा हात सुजलेत, बाळाची हालचाल कमी वाटते, पाणी किंवा रक्त जातंय, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच तिला गाठा. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

बाळंतपण पहाटे झालं, सिस्टरच्या हाताखाली, डॉक्टर शेजारी उभे असताना. मुलगी झाली. पहिल्या तासातच तिला छातीशी दिलं. चौथ्या दिवशी घरी दूध भरून छाती दगडासारखी झाली, अंग कसकसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, उद्या डॉक्टरांना दाखवू. हिने कार्डावरचा नंबर काढून सिस्टरला फोन लावला आणि विचारलं, ‘आत्ता येऊ का?’