विश्वास बसणे आणि विश्वास ठेवणे

प्रश्न असा आहे : "दोन महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. भेटायला येणारे सगळे सांगतात, देवावर विश्वास ठेवा. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, 'विश्वासच बसत नाहीये.' त्यावर एक बाई म्हणाल्या, ख्रिस्ती माणसानं असं बोलू नये. 'विश्वास बसणे' आणि 'विश्वास ठेवणे' यांत फरक आहे का? आणि बायबलात कुठे विश्वास, कुठे भरवसा, कुठे भाव असे शब्द येतात, ते सगळे एकच का?"

फरक आहे, आणि तुमच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे.

'बसणे' हे अकर्मक क्रियापद. विश्वास बसतो, उडतो, डळमळतो. झोप उडते किंवा घसा बसतो तसंच हे. वाक्याचा कर्ता विश्वास. आपल्या हातात त्यातलं काही नसतं. 'ठेवणे' सकर्मक आहे. तिथे कर्ता मी. म्हणूनच "विश्वास ठेव" असं कुणाला सांगता येतं, पण "विश्वास बस" अशी आज्ञा मराठीत होतच नाही. तुम्ही मनाची अवस्था सांगितलीत, देवाला नकार दिला नाहीत. शिवाय माणूस गेल्यावर "विश्वास बसत नाही" हे आपण त्याच्या जाण्याबद्दलही म्हणतो. त्या बाईंनी कदाचित ते देवाबद्दल ऐकलं असेल. असं बोलायला कुठलीही बंदी नाही, हे मला आधी स्पष्ट सांगायचं आहे.

'विश्वास' शब्दात श्वास आहे, तो योगायोगाने नव्हे. संस्कृतात 'वि' उपसर्गासह श्वस् धातू म्हणजे मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. 'आश्वासन' त्याच धातूतून आलं. त्याचा मूळ अर्थ दम परत येणं, धीर येणं. दुःखात श्वास अडकतो तेव्हा मोकळ्या श्वासाचा हा शब्द जड जातो, यात नवल काय?

आता बायबलातले शब्द. जुन्या करारात मुख्यतः दोन हिब्रू धातू समोर येतात. पहिला 'बाताह', म्हणजे कुणाच्या तरी भरवशावर निर्धास्त असणं. नीतिसूत्रे ३:५ मध्ये हाच आहे, आणि मराठीत तिथे परमेश्वरावर 'भाव ठेव' असं येतं. हा 'भाव' आपल्या संतवाणीतला, 'भाव तेथे देव' मधला. मला तो फार आवडतो, कारण त्यात नुसतं मान्य करणं नाही, सगळं मन आलं. पण हा निर्धास्तपणा दुःख संपल्यावरच येतो असं मात्र नाही. तेरावं स्तोत्र उघडा. अवघ्या सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो : कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. पाचव्या ओवीत तोच माणूस 'बाताह' वापरतो, तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे म्हणतो. मधे परिस्थिती बदलल्याची एक ओळही नाही. तक्रार आणि भरवसा एकाच तोंडून निघतात.

दुसरा धातू 'आमान', ज्यातून आपला 'आमेन' आला. त्याचा गाभा स्थिर, टिकाऊ असणं. तान्ह्या मुलाला उराशी धरून सांभाळणाऱ्या दाईचा हिब्रू शब्दही याच धातूचा. त्यातूनच 'एमुना' हे नाम होतं. त्याचं भाषांतर बरेचदा विश्वास किंवा विश्वासूपणा असं करतात. आता निर्गम १७:१२ पाहा. अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालली आहे, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचे हात वर आहेत तोवर इस्राएलाची सरशी होते, पण हात जड झाले आहेत. त्याला दगडावर बसवतात. एका बाजूने अहरोन, दुसऱ्या बाजूने हूर त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहिले, असं मूळ वाक्य आहे. मराठीत तिथे अर्थातच 'स्थिर' म्हणावं लागतं. पण ती स्थिरता मोशेच्या दंडातली नव्हती. दोन माणसांनी खालून धरली होती.

म्हणून भेटायला येणाऱ्यांना सुचवावंसं वाटतं : "विश्वास ठेवा" एवढं सांगून उठू नका. थोडा वेळ हात धरून बसा.

नव्या करारात 'पिस्तिस' या ग्रीक शब्दासाठी मराठीत बहुतेक सगळीकडे 'विश्वास' येतो. तिथे मार्क ९:२४ वाचाच. आजारी मुलाचा बाप एका दमात दोन्ही बोलतो : माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. येशू त्याला रागवत नाही. मुलाला बरं करतो.

आणखी एक जागा तुमच्यासाठी, ईयोब १३:१५. मुलं, मालमत्ता, तब्येत, सगळं गेलेला माणूस बोलतो आहे. हिब्रू संहितेत 'लो' असा शब्द आहे. तो आलेफ या हिब्रू अक्षराने लिहिला की अर्थ 'नाही' : तो मला मारील, मला आशा नाही. वाव या दुसऱ्या अक्षराने लिहिला की 'त्याच्यासाठी' : तो मला मारील, तरी मी त्याचीच आशा धरीन. उच्चार एकच. मूळ ओळीत आलेफ आहे, आणि वाचताना वाव वाचावा अशी परंपरा आहे. शतकानुशतकं प्रती उतरवणाऱ्यांनी एक खोडून दुसरं ठेवलं नाही, दोन्ही जपली. आणि त्याच ओवीत ईयोब पुढे म्हणतो, तरी माझी बाजू मी त्याच्या तोंडावर मांडीन.