शून्यं येतात कुठून?

इंदूरच्या वाचकांचे गणिताचे प्रश्न

प्रश्न : १००! (शंभरचं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १०० सगळ्या संख्यांचा गुणाकार) च्या शेवटी शून्यं किती? १ ते १०० मध्ये ५ च्या पटीतल्या संख्या वीस, म्हणून मी २० लिहिलं. चूक निघालं. (अकरावीतली विद्यार्थिनी, रामबाग)

उत्तर : सुरुवात बरोबर केलीस. शून्य तयार होतं २ आणि ५ च्या जोडीतून. २ भरपूर आहेत, म्हणून ५ तेवढे मोजायचे. पण २५ मध्ये ५ दोनदा दडलाय. ५०, ७५ आणि १०० मध्येही. ते चार राहून गेले. उत्तर २४. यापुढे १०० ला ५ ने भाग, आलेल्या २० ला पुन्हा ५ ने भाग आणि २० + ४ कर.

प्रश्न : शेवटी नेमकी पाच शून्यं असलेलं फॅक्टोरियल नातवाला सापडेना, मलाही नाही. (एक आजोबा, लोकमान्यनगर)

उत्तर : ते नाहीच, आजोबा. २४! ला चार शून्यं, आणि २५ एकदम दोन ५ घेऊन येतो, त्यामुळे २५! ला थेट सहा.

प्रश्न : लागोपाठच्या पाच संख्यांच्या गुणाकाराला १२० ने भाग जातो. मुलानं लिहिलं, ‘गुणाकाराला २, ३, ४, ५ ने भाग जातो, म्हणून २×३×४×५ नेही जातो.’ गुण का कापले? (एक आई)

उत्तर : ताई, कापले ते योग्यच. १२ ला ४ ने भाग जातो, ६ नेही जातो. २४ ने जातो का? ४ आणि ६ मधला सामाईक २ दोनदा मोजला गेला. मुलाच्या उत्तरात २ आणि ४ चं तेच झालंय. १२० = ८×३×५ असं फोडायला सांगा. पाच संख्यांत लागोपाठच्या निदान दोन सम संख्या येतात, त्यांतल्या एकीला ४ ने भाग जातोच. दोघी मिळून ८ झाले. ३ आणि ५ ची पट असतेच. ८, ३, ५ मध्ये सामाईक अवयव नाही, म्हणून आता गुणाकार करायला हरकत नाही. निष्कर्ष खरा असला तरी ही पायरी गाळू देऊ नका.

प्रश्न : १६! ला १७ ने भागल्यास बाकी किती? क्लासमध्ये विल्सनचं प्रमेय नुसतं पाठ करायला सांगितलं. (बारावीतला विद्यार्थी)

उत्तर : १६. प्रमेय एवढंच सांगतं : मूळ संख्येहून (१ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणाऱ्या) एकने लहान संख्येच्या फॅक्टोरियलला त्या मूळ संख्येने भागलं, तर बाकी तीच एकने लहान संख्या. पण एकदा हातानं करून बघ. २×९, ३×६, ४×१३, ५×७, ८×१५, १०×१२, ११×१४ : प्रत्येक जोडीला १७ ने भागलं की बाकी १. उरतात १ आणि १६. तुमच्या हिंदी पुस्तकातली ‘अभाज्य’ म्हणजे आपली मूळ संख्या. १७ मूळ आहे म्हणूनच जोड्या जुळल्या. नाव विल्सनचं असलं तरी सिद्धता १७७१ मध्ये लाग्रांज या गणितज्ञानं दिली. आता १४! ला १५ ने भागून बघ : त्यात ३ आणि ५ दोन्ही आहेत, बाकी ०.