कंझर्व्हेटरी घराच्या कोणत्या अंगाला?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घर सेमी-डिटॅच्ड, रुंदी ६ मीटर. बाग मागे, म्हणजे पश्चिमेला. उत्तरेकडची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. दक्षिणेला अडीच मीटरचं बोळ, त्यापलीकडे दुसरं दुमजली घर. मागच्या अंगाला उत्तरेकडे जेवणघर आणि दक्षिणेकडे स्वयंपाकघर आहे. कंझर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) बोळात बांधावी की मागे? दक्षिणेचं ऊन चांगलं, असं सगळे सांगतात.

उत्तर : दक्षिणेचं ऊन चांगलं खरं, पण तुमच्या बोळात ते पोचणारच नाही. लेस्टरला डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो, त्यामुळे आपला अंदाज इथे हमखास चुकतो. १४ अंशांच्या उन्हात ७ मीटर उंच घराची सावली २८ मीटर लांब पडते. म्हणजे ज्या महिन्यांत ऊन हवं, त्याच महिन्यांत बोळातली काचखोली शेजारच्या घराच्या सावलीत राहील. शिवाय कचऱ्याचे डबे आणि सायकली बागेत न्यायची वाट बंद होईल. बोळाचा विचार सोडा.

मागे बांधायचं ठरलं, तरी स्वयंपाकघरामागे की जेवणघरामागे, हे ऊन पाहून ठरत नाही. आधी जमीन आणि भिंत पाहा. स्वयंपाकघरामागे बहुधा मोरीच्या पाण्याची जाळी, ड्रेनेजचं झाकण आणि बॉयलरचा फ्लू, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारी नळी, असते. फ्लूचं तोंड काचखोलीत उघडलेलं चालत नाही, कारण जळालेला वायू आत कोंडतो. तो हलवायचा तर गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेलाच माणूस लागतो. सार्वजनिक सांडपाण्याची नळी बांधकामापासून ३ मीटरच्या आत असेल, तर पाणी कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. झाकणं उघडून नळी कुठून कुठे जाते ते पाहा, मगच पाया आखा. या सगळ्यामुळे जेवणघरामागची जागा बरी.

तिथली खोली ३ मीटरपेक्षा जास्त पुढे काढू नका. इंग्लंडमध्ये सेमी-डिटॅच्ड घराला मागच्या बाजूने पूर्वपरवानगीशिवाय एवढीच मुभा आहे, आणि ती मूळ घराच्या भिंतीपासून मोजतात. आधीच्या मालकाने मागे काही वाढवलं असेल, तर तेही या ३ मीटरांत धरलं जातं. शेजाऱ्यांची हद्द २ मीटरच्या आत असल्याने छपराची खालची कड ३ मीटरपेक्षा उंच नको. पाया त्यांच्या पायापेक्षा खोल जात असेल आणि त्यांचं घर ३ मीटरच्या आत असेल, तर १९९६च्या पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्या. तुमच्या बाबतीत घर चिकटूनच आहे.

आता वरची खिडकी. काचेच्या छपराला १५ अंशांचा उतार दिला, तर ३ मीटरमागे ते ८० सेंटीमीटर चढतं. खालची कड २.२ मीटरवर धरली, तर भिंतीला ते ३ मीटरवर टेकेल. टेप घेऊन वरच्या खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. छप्पर आणि चौकटीच्या मध्ये शिशाच्या फ्लॅशिंगला, म्हणजे सांधा झाकणाऱ्या पट्टीला, जागा उरली पाहिजे. भिंत दुहेरी, मध्ये पोकळी असलेली असेल, तर सांध्याच्या वर कॅव्हिटी ट्रे (पोकळीतलं पाणी बाहेर काढणारी पन्हळ) बसवून घ्या. तो टाळला की भिंतीत मुरलेलं पाणी खाली उतरून आतल्या बाजूला ओल धरते. ही कंझर्व्हेटऱ्यांची नेहमीची तक्रार, आणि कंत्राटदार वाचवायला बघतो तो नेमका हाच ट्रे.

पश्चिमेचा त्रास उन्हाळ्यात. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि संध्याकाळचं तिरपं ऊन थेट समोरच्या काचेतून येतं. छपराचे पडदे त्याला अडवत नाहीत. समोरच्या काचांना पडदे लागतीलच. खाली उघडणाऱ्या खिडक्या आणि छपराच्या उंच भागात झरोका ठेवा, गरम हवा वरून निघून जाईल. शेजाऱ्यांकडची बाजू विटांची पक्की करा.

जेवणघराचं बाहेरचं दार मात्र काढू नका. ३० चौरस मीटरपेक्षा लहान कंझर्व्हेटरीला इमारत-नियमांतून मिळणारी सूट त्या दारावर अवलंबून असते. तिथल्या हीटरलाही वेगळं नियंत्रण हवं.

प्रश्न : नॉटिंगहॅमला आमची बाग उत्तरेला आहे. हिवाळ्यात कढीपत्ता आणि तुळस तिथल्या कंझर्व्हेटरीत जगतील का?

उत्तर : त्यांच्यासाठी म्हणून बांधू नका. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर सूर्य दक्षिणेच्याच अर्ध्यात फिरतो, त्यामुळे तुमच्या काचेवर थेट ऊन पडणार नाही. हीटर नसेल तर रात्रीचं तापमान बाहेरच्या जवळपास उतरतं, आणि १० अंशांखाली दोन्ही झाडं पानं गाळू लागतात. ऑक्टोबरात कुंड्या घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत आणा आणि पाणी निम्म्यावर आणा. उन्हाळ्यात बसायला मात्र उत्तरेची काचखोली छान, तापत नाही.