झुडपाखाली बसून राजीनामा लिहू नका

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी कोल्हापुरात एका लहान ख्रिस्ती मंडळीत अकरा वर्षं सुवार्तिक म्हणून उपदेशाची सेवा करतो. २०१९च्या महापुरात आमच्या प्रार्थनाघरात पाणी शिरलं. त्याआधी रविवारी साठेक माणसं यायची. पुरानंतर काही कुटुंबं वस्ती सोडून गेली, काही नुसतीच यायची थांबली. आता बारा-पंधरा जण असतात आणि संडे स्कूलला सात मुलं. मानधन तीन-तीन महिने थकतं, घर बायकोच्या नर्सिंगच्या पगारावर चालतं. मागच्या महिन्यात मंडळीचा कारभार पाहणारे एक वडीलजन सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या उपदेशात दम राहिला नाही." गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत मेहुण्याने माझ्यासाठी स्टोअरची नोकरी बघितली आहे, महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. रात्री तीनला जाग येते, ती परत लागत नाही. मला झालेलं पाचारण, सेवेसाठी आलेली ती हाक, देवाची होती, की तो माझ्याच मनाचा खेळ होता? – एक सेवक, कोल्हापूर

उत्तर : प्रिय बंधू, सलाम.

मंडळीची संख्या, मानधन, वडीलजनांचे शब्द हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलं आहे. झोपेवर मात्र एकच ओळ. मी तिथूनच सुरुवात करतो.

बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायावर तुम्ही स्वतः कितीतरी वेळा बोलला असाल. आता तो उपदेश तयार करण्यासाठी न वाचता स्वतःसाठी वाचा. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरला, पाऊस आला, आणि त्यानंतर राणी ईजबेलचा जिवे मारण्याच्या धमकीचा एक निरोप ऐकून संदेष्टा एलीया जीव घेऊन पळाला. बैर-शेब्यात त्याने आपल्या चाकराला मागे ठेवलं. हे वाक्य मी कित्येक वर्षं वाचत होतो आणि पुढे जात होतो. जो एक माणूस सोबत होता त्यालाही मागे ठेवून तो एकटा रानात दिवसभर चालला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने तेव्हा त्याला काय विचारलं? काहीच नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो जेवला, परत झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवलं तेही खायलाच. "तू येथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्याला होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी ऐकू आला.

तुम्ही मात्र तो प्रश्न रात्री तीन वाजता, उपाशी मनाने, स्वतःच स्वतःला विचारता आहात.

माझं सांगतो. १९८७ साली मी आजऱ्याकडच्या एका खेड्यात होतो. श्रावणातला पाऊस, गळकं छप्पर, आणि त्या रविवारी उपासनेला तीन माणसं : एक म्हातारी, तिचा नातू आणि पावसासाठी आडोशाला थांबलेला एक वाटसरू. प्रार्थना करायला बसलो तर शब्द सुचेनात, गीतपुस्तक हातात धरवेना. देवाने माझ्यावरचा हात काढून घेतला अशी माझी खात्रीच झाली होती. राजीनामा लिहून पाकीट चिकटवलं. बायकोने डोळे पाहिले आणि मला एसटीत घालून मिरजेला दवाखान्यात नेलं. कावीळ निघाली. सहा आठवडे पडून होतो. परत गेलो तर म्हातारी किल्ली घेऊन दारात उभी. दर शनिवारी ती प्रार्थनाघर झाडून ठेवत होती, आणि रविवारी नातवाला घेऊन बसत होती. तिला वाचता येत नव्हतं, नातू अडखळत एक स्तोत्र वाचायचा, तेवढीच त्यांची उपासना. मला त्याचा पत्ताच नव्हता. 'मीच एकटा उरलो' असं एलीयासारखंच मीही देवाला ऐकवत होतो, आणि त्याच्यासारखाच चुकत होतो.

तेव्हा आधी डॉक्टरकडे जा. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड बघून घ्या आणि झोपेचं मोकळेपणाने सांगा. त्यात अविश्वास काही नाही.

आता पाचारणाचं. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली आले. मधे त्यांना मायदेशी परतावं लागलं. १८६१ मध्ये ते पुन्हा इथे आले तेव्हा त्यांच्या मागे मिशनऱ्यांना पाठवणारं, पोसणारं कुठलंच मिशन बोर्ड नव्हतं. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम हाती घेईपर्यंत त्यांनी ते तसंच रेटलं. त्याच दशकात, १८६३ मध्ये, याच कोल्हापुरात त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, त्यात शंभर तरुणांनी मिशन कार्याला जाण्याची तयारी दाखवली. त्या शिबिरात ही हाक लावून धरणाऱ्यांत रॉबर्ट होता. वडील पुढच्याच वर्षी वारले. तुमच्या सात मुलांमधून असंच कुणी निघेल असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. संदेष्टा यिर्मयाचं तर आयुष्यभर कुणी ऐकलं नाही, यरुशलेम त्याच्या डोळ्यांदेखत पडलं. तरी त्याचं पाचारण खोटं होतं असं आपण म्हणत नाही. माणसं किती जमली यावरून पाचारण खरं की खोटं ठरवायचं, तर यिर्मयाला आपल्या बायबलमध्ये जागाच उरणार नाही.

तुमच्याकडे आडसाली उसाची लावण आषाढ-श्रावणात होते, तोड यायला दीड वर्ष लागतं. मधल्या उन्हाळ्यात बांधावर उभं राहून शेतकरी कोयता मागत नाही. पाणी पाजतो.

थकलेल्या मानधनाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यात आपल्या मंडळ्या फार चुकतात. तो तुमच्या विश्वासाच्या कसोटीचा विषय नाही, मंडळीच्या हिशेबवहीचा आहे. खजिनदारांना आणि वडीलजनांना एकत्र बसवा. किती देता येईल आणि कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून घ्या. पंधरा माणसांना थोडंच देता येत असेल तर थोडंच लिहा, पण लिहा. आणि ते जे वडीलजन सगळ्यांसमोर बोलले, त्यांच्या घरी एकदा एकटे जा. उपदेशाचा विषय काढू नका. त्यांचंच काय चाललंय ते विचारा. असं बोलणारी माणसं पुष्कळदा स्वतःच खचलेली असतात, हे मी पाहिलं आहे.

फौंड्रीची नोकरी धरली तर पाचारण मोडलं असं होत नाही. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि दर शब्बाथी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या वारी, सभास्थानात बोलत होता. तुम्हालाही आठवडाभर स्टोअर आणि रविवारी मंडळी असं कदाचित करावं लागेल. मला फक्त निर्णयाच्या वेळेची काळजी आहे. मेहुण्याला सांगा, दोन महिने द्या. जागा गेली तर जाऊ दे, कोल्हापुरात फौंड्र्या कमी नाहीत.

आणि बैर-शेब्यात ठेवलेला तो चाकर. तुमच्या पत्रात सोबतीचं एकही नाव नाही. रात्री तीनला उठता हे बायकोला माहीत आहे का? एलीयाला होरेबावरून परत पाठवताना देवाने पुढच्या माणसाचं नाव सांगितलं, अलीशा. तो बैलांच्या बारा जोड्यांमागे नांगरत होता, चिखलात पाय असलेला माणूस. तुमच्या बारा-पंधरा जणांत कोण आहे ते पाहा. संडे स्कूलचा एक वर्ग, एक प्रार्थना सभा त्याच्या हाती द्या. तो चुकेल, चुकू द्या.

मी आता निवृत्त आहे, मंगळवारी दुपारी घरी असतो. संपादकांकडे माझा नंबर आहे. बायकोला आणि मुलं असतील तर त्यांनाही घेऊन या, आणि जेवायच्या वेळेलाच या.